वारसांच्या यादीत शाळेचे नाव

कायद्याला नातेवाईक ओळखता येतात, शाळा ओळखता येत नाही. माणूस मृत्युपत्र न करता गेला की कायदा आधी त्याच्या जोडीदाराला, मुलांना आणि आईवडिलांना शोधतो, मग भावंडे, त्यांच्याही पलीकडे पुतणे, भाचे, चुलते. भारतातला 1956 चा हिंदू वारसा कायदा हेच करतो. शरियतचे वाटे हेच करतात. अमिरातीत बिगरमुस्लिमांसाठी 1 फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेला नवा कायदाही हेच करतो. गावच्या वाचनालयासाठी किंवा तालुक्याच्या मूकबधिर विद्यालयासाठी यांपैकी एकाही कायद्याने छदामही राखून ठेवलेला नाही. गेलेला माणूस दर जूनमध्ये त्या शाळेच्या वह्या-पुस्तकांचे पैसे न चुकता दुबईहून पाठवत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. कोर्टाला मात्र ते कुणी लिहून ठेवल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. आपल्या माघारी आपला पैसा एखाद्या संस्थेकडे जावा असे ज्याला मनापासून वाटते, त्याला मृत्युपत्राशिवाय दुसरा दरवाजा नाही. अमिरातीतल्या मराठी कुटुंबांना तो दरवाजा दाखवावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले गेले आहे.

तोंडी इच्छेचे काय होते ते पाहायचे तर सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकाल वाचावा. 1955 साली लग्न झालेल्या एका बाईंचा नवरा तीन महिन्यांच्या आत वारला. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, त्या नोकरीला लागल्या, आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि 1996 मध्ये गेल्या. मागे बँकेतल्या ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी होता, मृत्युपत्र नव्हते. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे निपुत्रिक विधवेची स्वकष्टार्जित मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचा क्रम नंतर लागतो. ज्या घराने हाकलून दिले त्याच घराकडे तो पैसा गेला. सहानुभूतीने कायदा बदलता येत नाही, अशीच न्यायालयाची भूमिका राहिली.

अमिरातीत एकट्याने राहून नोकरी केलेल्या मराठी नर्स, शिक्षिका, बँकेतल्या बायका पुष्कळ आहेत. दानाचा विचार सर्वांत आधी त्यांच्याच मनात येतो, कारण मागे सांभाळायला लेकरे नसतात. आणि मृत्युपत्र नसेल तर सर्वांत विचित्र वाटणी नेमकी त्यांच्याच पैशाची होते. इथला नवा कायदा बिगरमुस्लिमांची मिळकत साध्या पद्धतीने वाटतो: अर्धी हयात जोडीदाराला, उरलेली मुलामुलींत समान. पण परदेशी माणसाचा कुठलाही वारस उठून मायदेशाचा कायदा लावा म्हणू शकतो. त्याला अडवू शकते ते नोंदणी केलेले मृत्युपत्र. म्हणजे दुबईत आयुष्य काढलेल्या बाईंच्या ठेवीला कलम 15 थेट इथल्या करामा भागापर्यंत येऊन गाठू शकते.

आपल्या आधीच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही, त्याला साधे कारण होते. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेला माणूस भाड्याच्या खोलीत राही, पगार गावी पाठवी आणि नोकरी संपली की ग्रॅच्युइटीचा चेक घेऊन परत जाई. इथे त्याच्या मालकीचे काही नसायचेच. 2002 पासून दुबईने परदेशी लोकांना ठरावीक भागांत मालकी हक्काने घरे घेऊ द्यायला सुरुवात केली, 2006 च्या 7 क्रमांकाच्या कायद्याने त्या मालकीला पक्की नोंद मिळाली, पुढे 2019 मध्ये गोल्डन व्हिसा आला. आता पन्नाशीतल्या मराठी जोडप्याचा फ्लॅट दुबईत असतो, दुसरा पुण्यात किंवा ठाण्यात, सातबाऱ्यावर वडिलोपार्जित हिस्सा, दोन्हीकडे बँक खाती, मुंबईच्या बाजारातले शेअर आणि मुले टोरंटोत. हा सगळा पसारा एका माणसाचा, पण त्यावर हुकूमत दोन-तीन कायद्यांची. तेव्हा दान करायचे ठरवणाऱ्याने आधी एवढेच विचारावे की कुठली वस्तू कुठल्या देशाच्या कायद्याखाली येते.

इथल्या बाजूचे चित्र गेल्या दहा-बारा वर्षांत फार बदलले, आणि ते बदल आपल्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत अजून पोचलेले नाहीत. 2005 च्या कौटुंबिक कायद्यात परक्या बिगरमुस्लिमांना आपल्या देशाचा कायदा मागण्याची मुभा होती, पण इथल्या स्थावर मिळकतीच्या मृत्युपत्राला इथलाच कायदा लागेल असे दिवाणी व्यवहार कायदा सांगत होता. त्यामुळे फ्लॅटचे नक्की काय होईल हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नव्हते. 2015 मध्ये दुबईच्या डीआयएफसी या वित्तीय केंद्रात बिगरमुस्लिमांसाठी मृत्युपत्र नोंदणी सुरू झाली. 2017 मध्ये दुबईने बिगरमुस्लिमांच्या मिळकती आणि मृत्युपत्रांसाठी 15 क्रमांकाचा वेगळा कायदा केला. 2021 मध्ये अबू धाबीने आपला दिवाणी कौटुंबिक कायदा आणला आणि तिथल्या न्याय विभागाकडेही मृत्युपत्रे नोंदवता येऊ लागली. मग 2022 चा 41 क्रमांकाचा संघराज्य हुकूमनामा आला. बिगरमुस्लिम माणूस इथली सगळी मिळकत मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला किंवा कामाला देऊ शकतो, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. दुबईतला अख्खा फ्लॅट साताऱ्याच्या एखाद्या वसतिगृहाच्या कामासाठी ठेवायला आज इथला कायदा आडवा येत नाही.

पण ही मोकळीक सर्वांना नाही, आणि इथल्या मराठी समाजाचा मोठा भाग तिच्या बाहेर आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले मुसलमान आखातात आपल्या कितीतरी आधी आले. घरात कोकणी, बाहेर मराठी बोलणारी ही कुटुंबे दानात कुणाच्या मागे नाहीत. कोकणातल्या किती गावांतले मदरसे, शाळा आणि दवाखाने आखातातल्या पगारावर उभे राहिले हे तिथे जाऊन पाहावे. त्यांच्यासाठी मृत्युपत्राची मर्यादा एक तृतीयांश आहे. कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज फेडल्यावर जे उरेल त्याचा तिसरा हिस्सा इच्छेप्रमाणे देता येतो, बाकी वारसांचे. प्रेषितांनी आपल्या एका सोबत्याला सांगितले होते की तिसरा हिस्सा द्यावा आणि तोही पुष्कळच आहे. त्याहून अधिक द्यायचे असेल तर हयातीतच वक्फ करण्याचा मार्ग खुला असतो आणि अमिरातीत त्यासाठी 2018 चा 5 क्रमांकाचा स्वतंत्र कायदा आहे. शहाण्या माणसांनी हयातीत केलेले वक्फ हा या समाजाचा जुना ठेवा आहे. बाकीच्यांनी त्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, विशेषतः मूळ मिळकत कायम ठेवून तिच्या उत्पन्नातून काम चालवण्याची शिस्त.

गोव्याच्या कुटुंबांचे वेगळेच. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेली पद्धत 2012 च्या वारसा कायद्याने कायम ठेवली आहे. आईवडील किंवा मुले हयात असतील तर अर्धी मिळकत त्यांच्यासाठी राखीव राहते आणि मृत्युपत्राने फक्त उरलेल्या अर्ध्याचा विनियोग करता येतो. शिवाय लग्नानंतरची मिळकत बहुधा पतिपत्नींची सामाईक असते. मडगावचे वडिलोपार्जित घर अनाथाश्रमाला देण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने हा हिशोब आधी मांडावा. भारतातल्या ख्रिस्ती माणसांवर तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम 118 चे आणखी एक ओझे होते: जवळचे नातेवाईक असतील तर मरणाच्या किमान 12 महिने आधी केलेल्या मृत्युपत्रानेच धर्मादाय दान करता येई. जॉन वल्लामट्टम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले.

आता मृत्युपत्राच्या मजकुराकडे येते, कारण दान बुडते ते बहुधा कायद्यामुळे नाही, वाक्यांमुळे. शारजात राहणाऱ्या एका वयस्कर जोडप्याने त्यांचे दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले होते. भारतातल्या मिळकतीचे मृत्युपत्र पुण्याच्या वकिलांकडून आधी करून घेतलेले, त्यात शाळेसाठी ठेवींचे कलम. दुबईतल्या फ्लॅटचे दुसरे, नंतरचे, आणि त्याची सुरुवात छापील नमुन्याप्रमाणे: यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे. काकूंनी ते वाक्य बोट ठेवून दोनदा वाचले आणि काकांना म्हणाल्या, "अहो, म्हणजे शाळेचं कलमच गेलं की काय?" काका गप्प. दुसऱ्या मृत्युपत्राच्या वकिलांनी इथला नमुना वापरला होता आणि त्यांना पुण्याच्या कागदाची कल्पनाच नव्हती. दुरुस्ती एका ओळीत झाली: हे मृत्युपत्र फक्त अमिरातीतल्या मिळकतीपुरते असून भारतातील मिळकतीच्या मृत्युपत्राला त्याने बाध येत नाही. दोन देशांत दोन मृत्युपत्रे करावीत, असे हे पुस्तक सुचवते आणि मलाही ते पटते. मात्र दोन्हींत ही ओळ हवीच.

दुसरी अडचण संस्थेच्या नावाची. 'आमच्या गावच्या शाळेला' एवढ्याने भागत नाही. शाळा कुठल्या तरी शिक्षण संस्थेची असते, तिचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांकडे असतो, आणि एकाच नावाच्या दोन संस्था एकाच तालुक्यात असू शकतात. नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, आणि संस्था बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली तर पैसे कुठे जावेत, हे चारही लिहावे. पर्याय लिहिलेला नसेल तर महाराष्ट्रात न्यायालय मूळ हेतूशी जवळच्या कामाला तो पैसा देऊ शकते. पण आपण एका ओळीत करू शकतो ते काम कोर्टावर का टाकायचे?

रक्कम कशी लिहावी, हेही कमी महत्त्वाचे नाही. दिरहम 1997 पासून डॉलरशी 3.6725 या दराने बांधलेला आहे. रुपया तसा नाही: त्या वर्षी एका दिरहमला सुमारे 10 रुपये मिळत, आज 23 हून अधिक मिळतात. तेव्हा रुपयांत आकडा लिहून ठेवणाऱ्याचे दान वीस-पंचवीस वर्षांत आपोआप आटते. उलट घरावर कर्ज वाढले, आजारपणात ठेवी संपल्या, तर तोच ठरलेला आकडा मुलांच्या वाट्यातून ओरबाडला जातो. त्यापेक्षा देणी फिटल्यावर उरणाऱ्या मिळकतीचा ठरावीक हिस्सा लिहिलेला बरा. फ्लॅटच्या बाबतीत तो विकून आलेली रक्कम द्यावी, असा अधिकार मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या एक्झिक्युटरला स्पष्ट द्यावा. महाराष्ट्रातल्या ट्रस्टने दुबईत फ्लॅट नावावर करून घेणे, भाडेकरू सांभाळणे, सर्व्हिस चार्ज भरत बसणे व्यवहारात होणारे नाही.

कागद अपुरा असला तर किती मोठ्या दानाची दमछाक होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण आल्फ्रेड नोबेलचे. 27 नोव्हेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये त्याने वकिलाशिवाय आपले मृत्युपत्र लिहून चार साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. ज्या संस्थांनी पारितोषिके द्यायची त्यांना त्याने विचारलेच नव्हते. ज्या निधीला पैसा द्यायचा तो अस्तित्वात नव्हता. पुढच्या वर्षी 10 डिसेंबरला इटलीत सॅन रेमो इथे तो गेला तेव्हा मिळकत अनेक देशांत विखुरलेली होती. त्याचे खरे घर कुठे मानायचे, फ्रान्समध्ये की स्वीडनमध्ये, यावरच वाद पेटला. पुतण्यांनी हरकत घेतली. राजालाही हे स्वीडनबाहेरच्या लोकांना पैसा वाटणे रुचले नाही. विशीतला राग्नार सोलमन हा एक्झिक्युटर नसता, पॅरिसच्या बँकांतून रोखे काढून त्याने ते घोडागाडीतून स्वीडनच्या वाणिज्य दूतावासात हलवले नसते, तर काय झाले असते सांगता येत नाही. पहिली पारितोषिके 1901 मध्ये दिली गेली. अनेक देशांत मिळकत असलेल्या, मूल नसलेल्या माणसाची ही गोष्ट अमिरातीतल्या वाचकाने वाचताना आपले नाव घालून वाचावी. सोलमनसारखा माणूस आपल्याकडे आहे का, हे आधी पाहावे. आपल्याहून वयाने लहान, दोन्ही देशांत धावपळ करू शकणारा आणि कागदांना कंटाळा न करणारा. पदाला मान म्हणून सत्तरीच्या मोठ्या भावाला नेमण्याची आपली चाल इथे उपयोगी नाही.

भारतातल्या बाजूला तीन गैरसमज मला वारंवार भेटतात. पहिला मुखत्यारपत्राचा. गावच्या भावाला पॉवर ऑफ ॲटर्नी दिली आहे, तो सगळे करील, असे माणसे निर्धास्त सांगतात. देणारा गेला त्या क्षणी ते मुखत्यारपत्र संपते. दुसरा नॉमिनीचा. ठेवीवर संस्थेच्या चिटणीसांचे नाव नॉमिनी म्हणून लावले की दान झाले, ही समजूत चुकीची आहे. नॉमिनी हा फक्त पैसा ताब्यात घेणारा असतो, मालकी वारसांचीच राहते. शेअरबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले. तिसरा गैरसमज शेतजमिनीचा, आणि तो सर्वांत त्रासदायक. सातबाऱ्यावरची चार एकर जमीन आश्रमशाळेला द्यायची, असे कितीतरी जणांच्या मनात असते. महाराष्ट्राच्या 1948 च्या कूळकायद्यात बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाऊ देण्यावर बंदी आहे. त्याच कायद्याच्या गुजरातेत लागू असलेल्या कलम 63 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले की मृत्युपत्रानेही ही बंदी ओलांडता येत नाही. जमीन द्यायचीच असेल तर हयातीत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळवण्याच्या मागे लागावे, नाहीतर दुसरी मिळकत द्यावी.

मृत्युपत्रानेच नवा सार्वजनिक ट्रस्ट स्थापन करायचा असेल तर एक्झिक्युटरने प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांतले जे आधी येईल तेवढ्यात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. माझे मत विचाराल तर नवा ट्रस्ट काढू नये. आधीच चालू असलेल्या चांगल्या संस्थेला पैसा द्यावा. नाव लावायचेच असेल तर तिच्या एखाद्या खोलीला लावावे. परकीय नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाने आणखी एक पाहावे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने बँकेतून पाठवलेला स्वतःच्या बचतीचा पैसा परकीय देणगी ठरत नाही. कॅनडा-अमेरिकेचा पासपोर्ट घेतला की तोच पैसा परकीय देणगी ठरतो आणि ती घेण्याची परवानगी, तसेच दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले ठरलेले खाते, संस्थेकडे असावे लागते. मुलगा टोरंटोहून वडिलांच्या इच्छेप्रमाणे पैसे पाठवू लागतो आणि गावची शाळा ते घेऊ शकत नाही.

अमिरातीतच दान ठेवायचे असेल तर संस्थांची उणीव नाही. रेड क्रेसेंट 1983 पासून आहे, दुबईचे बैत अल खैर 1989 पासून, शिक्षणासाठी काम करणारी दुबई केअर्स 2007 पासून. अलीकडच्या रमजानमध्ये दुबईत मातांच्या आणि पित्यांच्या नावाने प्रत्येकी एक अब्ज दिरहमच्या वक्फ निधीच्या मोहिमा निघाल्या, पहिली शिक्षणासाठी, दुसरी गरजूंच्या उपचारांसाठी. मात्र नोंदणी नसलेल्या गटाचे नाव मृत्युपत्रात घालू नये. दुबईत 2015 पासून आणि देशभर 2021 च्या कायद्याने वर्गणी गोळा करण्याचा अधिकार फक्त परवाना असलेल्या संस्थांना आहे. मित्र गेला म्हणून व्हॉट्सॲपच्या गटात त्याच्या नावे निधी जमवणे किंवा शोकसभेत पेटी फिरवणे आपल्याकडे पुण्याचे काम समजतात. इथे तो गुन्हा ठरू शकतो आणि दंड फार मोठा असतो. ज्याला आपल्या स्मृतीसाठी काही व्हावे असे वाटते त्याने तो भार मित्रांवर टाकू नये, स्वतःच्या कागदात लिहून ठेवावा.

मुलांचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि निघायलाही हवा. दानाचे कलम मुलांना आपल्या मरणानंतर प्रथम कळले तर त्यांना ते आपल्यावरच्या रागासारखे वाटते आणि मग खटले उभे राहतात. नोबेलच्या पुतण्यांचेही तेच झाले. जेवणाच्या टेबलावर एकदा सांगून टाकावे, संस्था दाखवून आणावी. सुट्टीत गावी गेल्यावर मुलीला त्या मूकबधिर विद्यालयात तासभर बसू द्यावे. हयातीतच संस्थेशी नाते जोडण्याचे मराठीत सुंदर उदाहरण आहे. सुनीताबाई देशपांडे 2009 मध्ये गेल्या तेव्हा पुलंच्या साहित्याचे हक्क त्यांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेकडे सोपवले होते. आयुकाच्या आवारात पुलंच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांची विज्ञान शोधिका त्याआधीच उभी राहिली होती. सुनीताबाईंनी हयातीतच संस्था निवडली, तिच्याशी नाते जोडले, आणि मृत्युपत्राने ते पुढे चालू ठेवले. मिळकत म्हणजे फक्त घर-ठेव नव्हे, लेखकाचे हक्क, पेटंट, शेअर हेही देता येते, हेही त्यातून कळते.

पुढच्या प्रकरणांत डीआयएफसी, दुबई कोर्ट आणि अबू धाबी न्याय विभाग या तिन्ही ठिकाणच्या नोंदणीची प्रक्रिया आहे: कुठे व्हिडिओ कॉलवर सही चालते, कुठे कागद अरबीत असावा लागतो, शुल्कात किती फरक पडतो. परदेशी कागदांना एका शिक्क्यावर मान्यता देणाऱ्या अपोस्टिल करारात अमिरात नाही. त्यामुळे भारतात केलेला कागद इथे चालवायचा तर दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांचे शिक्के आणि अरबी भाषांतर लागते. तो क्रम नमुन्यासह दिला आहे. लेखकाने प्रत्येक नमुन्यात संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि पर्यायी संस्था यांसाठी तीन रिकाम्या ओळी ठेवल्या आहेत. पुस्तक वाचून झाल्यावर वकिलाकडे जाण्याआधी त्या ओळी पेन्सिलीने भरून पाहाव्यात. नोंदणी क्रमांक आपल्याला ठाऊक नाही असे बहुतेकांच्या तिथेच लक्षात येईल, आणि तो गावी फोन करून विचारून घेता येतो.